न फोडलेली सुपारी

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथी झाली तशी शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं माफ करावं. वाचणारं कोण असणार म्हणा, ही वही ज्वारीच्या कोठीमागं राहणार आहे. पण लिहायला बसलं की समोर कुणीतरी आहे असं वाटतं, आणि समोर कुणी असलं की मला घाम फुटतो. म्हणून आधीच माफी मागून ठेवते.

दोन महिन्यांखाली अंबाजोगाईहून कॉलेजातल्या एक मॅडम आल्या होत्या. गाणाऱ्या गोदाक्कावर कादंबरी लिहितात म्हणे. माणूस चांगलं वाटलं, खाली पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या मागं उभ्या होतात. युसूफ वडगावच्या सभेत त्या दिवशी काय झालं, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

मी म्हणाले, "मला काय आठवत न्हाई."

चहा केला. त्यांनी तो पिला, फोनवर माझा एक फोटो काढला, त्यातही माझा पदर तोंडापुढं, आणि गेल्या. तेव्हापासून माझं कशात मन नाही. भाकरी थापताना हात मधेच थांबतो. शेळी सोडायला जाते आणि दावं हातात घेऊन तशीच उभी राहते. आठवत नाही म्हणून सांगितलं, आणि आठवतंय तर सगळं.

मी झीलकरीण होते. हे काम आता कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगते. गाणारा पुढं उभा राहतो, तो एक ओळ म्हणतो, आणि मागं उभे असलेले त्या ओळीची शेपटी धरून सूर वर ओढतात. त्याला झील म्हणतात. ओळ पुढच्याची, दम मागच्याचा. पुढचा श्वास घेतो तेव्हा आपण गायचं, त्याला खोकला आला तर सूर इतका मोठा करायचा की खोकला झाकून जावा. पुढचा ओळ विसरला तर झील दोनदा घ्यायची, तीनदा घ्यायची, त्याला आठवेपर्यंत घेत राहायची. लोकांना वाटतं काय रंगलंय, आणि आम्हाला ठाऊक असतं काय अडलंय.

या कामासाठी माझ्यासारखं माणूस बरं. मला चार माणसांत बोलता येत नाही, अजूनही येत नाही. पण आवाज मोठा आहे. लग्नाआधी शेतात पाखरं हाकायचे तो आवाज. गोदाक्कानं तो सासरच्या बांधावरून ऐकला आणि आमच्या सासूला येऊन म्हणाली, "तुमच्या सुनंला मला द्या. तोंड दाखवायची गरज न्हाई, नुसतं उघडायची गरज हाय."

आमचा ताफा म्हणजे तीन माणसं. पुढं गोदाक्का, ढोलकीला निवृत्तीमामा, आणि आक्काच्या डाव्या खांद्यामागं मी. मामाही वाजवता वाजवता झील धरायचे, पण त्यांना दमा होता. खरी झील माझीच.

आक्का राजकारणाचं गायची. म्हणजे ती त्याला राजकारण म्हणायची नाही, "जे दिसतं ते म्हणते" म्हणायची. रोजगार हमीच्या कामावर हजेरी कुणाची लागते, ऊसतोडीला गेलेल्या बायांचं पोट दुखलं तर मुकादम काय म्हणतो, टँकर कुणाच्या दारात आधी थांबतो. लोक हसायचे आणि मग गप्प बसायचे. शेवटी शेवटी तिला कुणी ओळखत नव्हतं, केजच्या बस स्टँडवर एका पोरीनं तिला "आजी, सरका" म्हटलेलं मी ऐकलंय. पण एक काळ असा होता की आक्का येणार म्हटलं की बाजार लवकर उठायचा.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. एका सरपंचानं मेलेल्या बैलावर गाणं मागितलं होतं आणि त्यात आपलं नाव बैलाच्या आधी घाला म्हणाला होता. परळीला, जिथं वीज कारखान्याची राख घरोघर पडते, एका व्यापाऱ्यानं नव्या दुकानाच्या उद्‌घाटनाला बोलावलं. आक्कानं त्याच्या नव्याकोऱ्या काउंटरवरून बोट फिरवलं, ते काळं-करडं झालेलं लोकांना दाखवलं आणि तिथल्या तिथं ओळ जोडली, की वीज जाते मुंबईला आणि राख येते ताटाला. मी झील धरली. वाटलं, आता हाकलतात. व्यापारी उठला, पाकिटातून शंभराची नोट काढली आणि म्हणाला, "बाई, हेच समोरच्या दुकानात जाऊन म्हणता का?"

आक्का म्हणाली, "शेटजी, राख दोगांच्या बी ताटात हाय. तुमचं दुकान आदी आलं, एवढंच."

आता सुपारीचं सांगते. कार्यक्रम ठरवायला येणारा नारळ, एक सुपारी आणि इसाराचे आगाऊ पैसे आणायचा. नारळ फोडून खायचा. सुपारी मात्र निवृत्तीमामा ढोलकीच्या गवसणीत बांधून ठेवायचे. कार्यक्रम झाला की जागेवरच अडकित्त्यानं ती फोडायची, ज्यानं बोलावलं त्याला एक खांड, आणि उरलेली आम्ही तिघांत. म्हणजे दिला शब्द फिटला. इसार घेऊन गायलं नाही, तर त्याला इसार खाल्ला म्हणतात. ज्यानं इसार खाल्ला त्याच्याकडं पुढं कुणी नारळ घेऊन येत नाही. कागद नाही, सही नाही, पण हे सगळ्या तालुक्याला कळतं.

आमची रेखा नऊ वर्षांची असताना तिच्या पोटात पू झाला. मालक तोडीला कर्नाटकात. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं की आजच कापावं लागतं. मी आक्काच्या दारात गेले आणि बोलताच येईना, नुसती उभी राहिले. आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "रेखा का?" मी मान हलवली.

त्या आठवड्यात एका पुढाऱ्याचा माणूस आक्काकडं दोनदा येऊन गेला होता. पुढाऱ्याचं नाव लिहीत नाही, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही तेच लिहिते. भाऊ निवडणुकीला उभे होते. वडगावला बाजाराच्या दिवशी सभा होती. त्यांना आक्काचं तळ्याचं गाणं पाहिजे होतं, पण फिरवून. मूळ गाण्यात आक्का विचारायची,

तळ्याचं पाणी गेलं कुठं, गेलं कुठं?

आणि मी झील धरायचे,

पुढाऱ्याच्या उसाला, जी जी!

दहा वर्षं आम्ही हे म्हटलं होतं. लेकरं खेळताना म्हणायची. भाऊंना त्याच चालीवर पाहिजे होतं, की तळ्याला पाणी आलं कुठनं, आणि झील, भाऊंच्या पुण्याईनं. आक्कानं त्या माणसाला दोन्ही वेळेला हाकलला होता. तिसऱ्यांदा तिनं त्याला स्वतः बोलावणं धाडलं. अकरा हजार इसार. तेव्हा आम्हाला एका कार्यक्रमाचे आठशे-हजार मिळायचे. तिनं ते पैसे मोजलेसुद्धा नाहीत. तसेच माझ्या ओटीत घातले.

मी म्हणाले, "आक्का, तू असलं कदी गायली न्हाईस."

"मग काय झालं? गळा माझा हाय. नीघ, गाडी चुकंल."

रेखा वाचली. तिला आता दोन लेकरं आहेत.

सभेच्या आधी चार दिवस आम्ही नवी झील घोटली. मी घरी शेण लावताना, पाणी शेंदताना म्हणत होते, भाऊंच्या पुण्याईनं, भाऊंच्या पुण्याईनं. निवृत्तीमामा म्हणाले, "मथुरा, तोंडात बसली का?" मी म्हणाले, "बसली."

सभेला दुपारी चारची वेळ. मंडप भरलेला, बाहेर बैलबाजारापर्यंत लोक. भाऊ मधे बसलेले, गळ्यात हार. आक्का पुढं गेली, तेव्हा लोकांत कुजबुज झाली, आक्का हितं कशी? एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "गोदे, तू बी?" आक्कानं ऐकलं. तिच्या मानेची शीर मला मागून दिसत होती. दोन गाणी साधी झाली. मग तिनं तळ्याचं उचललं.

तळ्याला पाणी आलं कुठनं, आलं कुठनं?

झील धरणारा अर्थ ऐकत नसतो. हे कुणाला सांगून पटत नाही. चाल येते, ढोलकीचा एक ठोका येतो, पुढच्याचा खांदा खाली जातो, आणि आपलं तोंड उघडतं. तो खांदा दहा वर्षं मी बघत होते. खांदा खाली गेला, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं,

पुढाऱ्याच्या उसाला, जी जी!

मामा बरोबर म्हणाले होते, भाऊंच्या पुण्याईनंच म्हणाले होते. पण दम्याचा आवाज, तो कुठं पोचणार. माझा पार बैलबाजारापर्यंत गेला.

मग सगळा मंडप फुटला. लोक हसत होते, टोप्या उडवत होते, आणि पुन्हा मीच नाही, हजार माणूस म्हणायला लागलं, पुढाऱ्याच्या उसाला, जी जी. भाऊ हार काढायला लागले. आक्कानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही बघितलं. कसं बघितलं ते मला आजवर सांगता आलेलं नाही. मग ती लोकांकडं वळली आणि जुनं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, एकही कडवं न सोडता. भाऊंच्या माणसांनी माइक बंद केला, तरी म्हटलं.

टेम्पोतून परत येताना मी रडत होते. म्हणाले, "आक्का, मी घात केला. पण तू जुनं कशाला म्हटलंस? तू म्हणायचं की झीलकरीण चुकली."

आक्का म्हणाली, "मांडवात झील कदी चुकत न्हाई. चुकतो तो पुढचा. मागच्यानं जे धरलं ते पुढच्यानं वढायचं. एवढी वर्सं झाली, हे बी सांगावं लागतं व्हय तुला?"

मामांनी गवसणीतली सुपारी काढून विचारलं, "हिचं काय करायचं?"

"फोडू नका. गायलाव कुठं आपण." आणि तिनं ती सुपारी आपल्या कनवटीला लावली.

भाऊ त्या निवडणुकीत पडले. त्यांच्या माणसांनी गावोगाव सांगितलं की गोदाबाईनं इसार खाल्ला. आणि दुसरीकडं लोक सांगायचे की गोदाक्का पैशाला विकली गेली नाही, भर सभेत पुढाऱ्याच्या तोंडावर बोलली. दोन्ही बाजूंनी तिचं नाव मोठं झालं आणि आमचं काम बंद पडलं. नाव घेणारे नारळ आणत नव्हते. शाबासकी द्यायचे, पाठीवर हात ठेवायचे, आणि लेकाच्या लग्नात बँड लावायचे.

एक नारायणगडची जत्रा तेवढी राहिली. तिथं कुणाची सुपारी लागत नाही, चादर टाकायची आणि गायचं. आक्काचा आवाज चिरकत चालला होता, मी झील लांबवत होते. खरं लिहायचं तर शेवटच्या वर्षांत गाणं मीच गात होते, ती तोंड हलवायची, आणि लोक तिच्या पाया पडायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याचं. जत्रेचा पैसा गोळा झाला की आक्का आणि निवृत्तीमामा बाजूला जाऊन काही बोलायचे आणि वाटणी व्हायची ती कमीच भरायची. दर जत्रेला. मला वाटायचं, दोघं मिळून माझा वाटा मारतात. तोंडानं बोलले नाही कधी, पण मनात धरलं. दोन वर्षं तर मी घरी काम आहे सांगून गेलेच नाही. मामा वारले, तरी माझ्या मनातलं ते गेलं नाही.

आक्का गेल्या माघात गेली. मरणाच्या आधी आठ दिवस तिनं उशाखालून ती सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. बोलता येत नव्हतं. नुसती मूठ बंद केली माझी.

तेराव्यानंतर गावात शोकसभा झाली. तालुक्याचे लोक आले, भाषणं झाली. एक जण म्हणाले की अशी निर्भीड बाई पुन्हा होणे नाही, वडगावच्या सभेत त्यांनी ठरवून सत्तेला आव्हान दिलं. मी बायांत मागं बसले होते. वाटलं उठावं आणि सांगावं की ठरवलं काही नव्हतं, ती विकायलाच गेली होती, माझ्या लेकरासाठी गेली होती, आणि म्हणूनच ती मोठी. पण पाय उठले नाहीत.

चहाच्या वेळी माझ्यापुढं दोन माणसं उभी होती.

"गानं भारी होतं बे, पन बाईनं भाऊचे अकरा हजार खाल्ले."

"आरं, मेल्यावर तरी सोड की बे."

"मी कशाला धरतो? मी आपलं खाल्ले तर खाल्ले म्हनतो."

दुसरा हसला. मी चहा तसाच ठेवून घरी आले.

त्या दिवसापासून मी पैसे बाजूला टाकायला लागले. लग्नसराईत भाकरी थापायला जाते, शेकड्यावर पैसे मिळतात, त्यातले. कापूस वेचणीतले. मग एक शेळी विकली. मालक म्हणाले, "कुनाच्या मढ्याचा इसार फेडायलीस?" मी म्हणाले, "माझ्या." रेखाला फोनवर कळलं, तर ती म्हणाली, "आई, माझ्या पोटावरचा टाका हाय तो, थोडं मी बी देते." मी तिच्याकडून पाचशे घेतले. तिचा हक्क होता.

अकरा हजार भरले ते मॅडम येऊन गेल्यावर दीड महिन्यानं. तोवर माझा जीव नुसता वरखाली होत होता, की कादंबरी आधी छापून येते का काय, आणि त्यातही कुणी लिहितं का काय की इसार खाल्ला.

भाऊ आता म्हातारे झालेत. गुडघे गेलेत, ओसरीत खुर्ची टाकून बसतात. सकाळी कामं घेऊन येणारे आठ-दहा जण असतातच, पूर्वी शंभर असायचे म्हणे. मी चप्पल काढून खांबाशी उभी राहिले. कुणाचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, परत जावं. मग कनवटीची सुपारी हाताला लागली.

मी पुढं गेले आणि पैसे आणि सुपारी त्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवली.

"हे काय बाई?"

"गोदाक्काचा इसार."

भाऊंनी चष्मा लावला, माझ्याकडं बघितलं. "तू ती मागची का? पदरवाली?"

"व्हय. भाऊ, त्या दिवशी आक्का तुमचंच गानार होती. चूक माझी झाली. माझ्या तोंडातनं जुनी झील गेली. तिचा काय दोस न्हाई." हे मी एका दमात, पण त्यांच्यापुरतंच म्हणाले. आयुष्यात इतकं लांब मी कुणा पुरुषापुढं बोलले नव्हते.

भाऊ पुढं वाकून हळूच म्हणाले, "बाई, अठरा वर्सं मी लोकांला सांगतोय की गोदाबाईसारख्या वाघिनीनं मला पाडलं. आता झीलकरनीच्या चुकीनं पडलो म्हनून सांगू का? हे तुझ्यापाशीच ठिव."

त्यांनी नोटांचा गठ्ठा उचलला, त्यातल्या काही बाजूला केल्या आणि माझ्याकडं सरकवल्या.

"हे चार हजार जास्तीचे हायत. सातच राहिलेत."

"कसं काय?"

"चार आलेत की. गडाच्या जत्रंतनं पाचशे पाठवायची ती दर साली. निवृत्ती आनून द्यायचा. आठ साल पाठवले."

आठ जत्रा. माझी कमी भरणारी वाटणी. निवृत्तीमामाचं बाजूला जाऊन बोलणं. आणि मी घरी काम आहे म्हणून सांगत होते ती दोन वर्षं, तेव्हाही तिनं चिरक्या आवाजात एकटीनं गाऊन पाचशे जमवले होते. मामा गेल्यावरच बंद पडले असणार, न्यायला कुणी उरलं नव्हतं. मला सांगितलं असतं तर मी नेले नसते का? पण मला सांगितलं असतं तर रेखासाठी घेतलेल्या पैशाचं ओझं माझ्यावर आलं असतं. ते आक्काला येऊ द्यायचं नव्हतं.

माझ्या तोंडून निघालं, "चार आलते, तर मग खाल्ले म्हनून लोकांला कशाला सांगत राहिलाव?"

ओसरीतले सगळे ऐकत होते. भाऊंनी चष्मा काढला, पुसला. एक जण म्हणाला, "बाई, जरा बेतानं." भाऊंनी त्याला हातानं थांबवलं.

"मी न्हाई सांगितलं. पोरं सांगायची."

"तुमी त्यांला आडवलं बी न्हाई."

"न्हाई," भाऊ म्हणाले.

चार हजार मी पदराला बांधले. सात तिथंच राहिले. मी म्हणाले, "भाऊ, कागद नको. आमच्यात कागद नसतो. शब्द तोंडानं दिलता, इसार बी तोंडानंच फिटला म्हना. ह्या लोकांत म्हना."

त्यांनी घरातून अडकित्ता मागवला. सुपारी वाळून दगड झाली होती, पहिल्यांदा निसटून खाली पडली, एकानं उचलून दिली. दुसऱ्यांदा कट्‌ झालं. त्यांनी एक खांड स्वतःच्या तोंडात टाकलं, एक माझ्या हातावर ठेवलं. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले. गुडघे धरले होते, तरी उठले. जुनी सभेची सवय असावी, आवाज मोठा लागला.

"गोदाबाईचा इसार, अकरा हजार, पुरा पोचला!"

त्यांचा खांदा खाली गेला, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. ओसरी, अंगण आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी मी झील धरली,

"पुरा पोचला, जी जी!"